आक्काला दिलेली मोठी स्क्रीन

प्रिय आक्का,

तुझा शेवटचा टॅब मला पंधरा मिनिटांना पडला. रुपये सोड, ते आठवतही नाहीत. दुकानात दहा मिनिटं आणि तुझ्या हातात देऊन चालू करायला पाच, एवढाच माझा वेळ त्यात गेला. डोळ्याच्या दवाखान्यात नेलं असतं तर अर्धा दिवस मोडला असता.

तुला जाऊन सात महिने झाले. आज लिहायला बसलो कारण बुधवारी मी स्वतःसाठी चष्मा करायला गेलो होतो. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यातलं प्रेशर बघितलं, पुन्हा एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "काचबिंदूची सुरुवात आहे. हा पुष्कळदा घरातून येतो. आईवडिलांना होता का?"

"छे. आई, आमची आक्का, शेवटपर्यंत वाचत होती."

"कडेला ठेवलेली वस्तू त्यांच्या हातून पडायची का? दाराच्या चौकटीला खांदा लागायचा?"

डावीकडं ठेवलेला चहा तू किती वेळा सांडलास गं? तुझी सून शोभा फरशी पुसत म्हणायची, "आक्का, लक्ष कुठं असतं तुमचं?" तू म्हणायचीस, "मोबाईलात की." आणि आम्ही सगळे हसायचो.

बाई म्हणाल्या, यात नजर कडेकडून जाते. मधलं दिसत राहतं, म्हणून घरच्यांना कळत नाही. गेलेली नजर परत येत नाही.

तुला कळलं होतं का, आक्का?

सांगोल्याकडच्या मेंढपाळाची तू लेक. शाळा चौथीपर्यंत. किराण्याच्या पुड्याचा कागदसुद्धा तू मांडीवर सरळ करून वाचायचीस. मग मोबाईल आला आणि तुला रान मोकळं झालं. नवीन काहीही आलं की बटणं दाबून बघायला तू पुढं. मी चिंचोळीचं वर्कशॉप बंद करून ताटावर बसतो न बसतो तोवर तुझं सुरू. "दत्ता, मेंढराला चेहरा वळकाया येतो म्हणं. वर्सानुवर्सं इसरत न्हाय. आमच्या आबाला हे न वाचताच ठावं हुतं."

"आक्का, थोडक्यात सांग."

"थोडक्यात सांगाया ती काय तार हाय व्हय?"

एका वर्षी नात्यातल्या लग्नात मामा तुझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि तो बोलेपर्यंत तुला पत्ताच नाही. मामा रुसला. "फॅक्टरीवाल्याची आई झालीस, आता आमी कुटं दिसणार?" तू हसून त्याचा हात धरलास. तो हात तू सोडलाच नाहीस, हे मला आत्ता आठवतंय.

एकदा तू म्हणालीस, "अक्षरं पळत्यात रं." मी दुसऱ्या दिवशी मोठ्या स्क्रीनचा टॅब आणला. पाव्हण्यारावळ्यांत सांगत सुटलो, "आमच्या आक्काला कशाची कमी नाही. बाजारात नवीन काही आलं की आधी तिच्या हातात."

चार दिवसांत तू टॅब कपाटात ठेवलास आणि परत जुना मोबाईल धरलास. मला राग आला. "नव्याचे नऊ दिवस असतात, तुझे चारच?"

"लई रुंद हाय रं ते. एक ओळ सपली की दुसरी घावत न्हाय."

मी ऐकलं होतं, आक्का. शब्द न् शब्द ऐकला होता. ओळीचं दुसरं टोक तुझ्या नजरेतच मावत नव्हतं.

वर्कशॉपमध्ये गिऱ्हाईक येतं, म्हणतं, मोटर ओढत नाही, मोठी बसवून द्या. मी म्हणतो, थांबा, आधी केबल बघू द्या. वीजच पुरती पोचत नसेल तर मोठी मोटर काय करणार? अशांना मी चहा पाजून शहाणपण शिकवतो. आणि घरात तुला मोठी मोटर बसवून मोकळा झालो.

पुढं मोबाईलकडून वाचून घ्यायची युक्ती तू स्वतःच शोधलीस. नुसत्या आवाजावरून कुठलं बेअरिंग गेलंय हे सांगणारा माणूस मी. तुझ्या खोलीतली ती यंत्रातली बाई कुठं अडखळते, हेही मी बाहेर बसून टिपायचो. शोभा म्हणाली, "हल्ली आक्का वाचत नाहीत, ऐकतात." मी म्हणालो, "चैन आहे म्हातारीची." का ऐकतेस, हे मात्र विचारलं नाही.

तूही कमाल केलीस. सांगायचं होतंस की. हट्ट धरायचा होतास, रडायचं होतंस, टॅब फेकून मारायचा होतास. पण थोडक्यात सांग, थोडक्यात सांग म्हणून मीच तुला सवय लावली. आणि हेही तू थोडक्यातच सांगितलंस.

तुला हृदयानं नेलं, डोळ्यांनी नाही. शोभा मला तेवढ्यावर समजावते. पण ती शेवटची वर्षं तू कशी काढलीस? दारातून आत येणारा मी तुला दिसायचो, की चपलांच्या आवाजावरून नाव घ्यायचीस?

शब्द देतो, आक्का. डॉक्टरीणबाईंनी दिलेले थेंब एकही दिवस चुकवणार नाही. रविवारी अक्कलकोटला जाऊन तुझ्या लेकीला, सुमनताईला घेऊन येतो. ती कितीही नको म्हणाली तरी तिचे डोळे तपासून घेतो, आणि तिथं डॉक्टर विचारतील त्याचं उत्तर ती देईल, मी मधे बोलणार नाही.

काल तुझ्या चष्म्याच्या डबीत तपासणीचा कागद सापडला. एकच होता. त्यावर तुझं वय छप्पन्न लिहिलंय. तू गेलीस तेव्हा शहात्तर वर्षांची होतीस.

तुझा,
दत्ता