जमिनीवरचं बाळ

पिस्कॅटवे, १६ डिसेंबर २००६, शनिवार

आज नेहाने म्युझियमला नेलं. पोरीला नववा महिना, पण आईचं ऐकेल तर ना! जुन्या नेदरलँड्समधली येशूजन्माची चित्रं होती. रंग सुरेखच. पण एका चित्रापुढून माझा पाय निघेना. बाळ उघडंनागडं, थेट जमिनीवर. मेरी गुडघे टेकून हात जोडतेय, नवरा मेणबत्ती धरून उभा. अरे, थंडीचे दिवस, आधी बाळाला गुंडाळा कुणीतरी!

नेहा म्हणाली, "आई, सिम्बॉलिक आहे ते. देव आहे ना तो."

असेल. पण ओली बाळंतीण अशी गुडघ्यांवर? तिची आई कुठे होती?

हे मी मोठ्याने बोलले की काय? कारण नेहाने एकदम वळून माझ्याकडे पाहिलं.

नागपूरहून मी जुन्या साड्यांची दुपटी शिवून आणलीत. "हॉस्पिटल ब्लँकेट्स देतं गं," म्हणाली होती, म्हणून महिनाभर बॅगेतच पडून.

घरी येऊन चहा टाकला, तरी ते जमिनीवरचं बाळ डोळ्यांपुढून जाईना. तेवढ्यात नेहाची हाक, "आई, दुपटी दे ना. लाँड्री लावतेय."

ड्रायरमध्ये टाकू नकोस म्हटलं. चक्क ऐकलं.