उंबराच्या पाण्याची घागर

मी, प्रिसिला इनास परेरा, वय एकसष्ट, शिवणकामाची निवृत्त शिक्षिका, राहणार कोपरी, ठाणे पूर्व, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर आणि कुणाच्याही दडपणाविना लिहिते. डोकं शाबूत आहे. बिघडलंय ते नाकामागे, घशाच्या वरच्या अंगाला.

१. आजाराचं आधी, कारण सगळं तिथूनच फिसकटलं. माझ्या कर्करोगात एक विषाणू सापडला. किरणांच्या पस्तीस खेपा झाल्या, तरी गाठ परत आली आणि मानेतून हाडांत उतरली. डॉ. रुचिता म्हणाल्या, "आंटी, हा व्हायरस लहानपणापासून बहुतेक सगळ्यांच्याच अंगात असतो, तुमच्या भावाच्याही असेल. कॅन्सर क्वचितच कुणाला होतो. आणि तो शेजारी बसून लागत नाही." हा विषाणू गाठीतल्या पेशींना किरणांपुढे तग धरायला आणि दूर पसरायला मदत करतो असं दिसतंय, पण कसं ते पुरतं कळलेलं नाही, असंही त्यांनी सांगितलं. मी मूर्ख. घरी येऊन भावाकडच्यांना फक्त "व्हायरस निघाला" एवढंच बोलले.

२. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी नवरदेवाच्या आंघोळीसाठी विहिरीवरून वाजतगाजत पाणी आणतात, त्याला उंबराचं पाणी म्हणतात, आणि आमच्या घरात पहिली घागर आत्या उचलते. भाचा ब्रँडनच्या वेळी माझा भाऊ लिओनेल खाली बघत म्हणाला, "प्रिसी, तू लांबच राहा गं. त्या पाण्यानं पोराला आंघोळ घालायचीय. लोक घाबरतात." घागर वहिनीनं उचलली. मी बँडवाल्यांच्या मागून चालले. लग्नानंतर दीड वर्षात माझ्या दारात त्यांच्यापैकी कुणी आलं नाही. फार एकटं वाटतं, हे लिहायची आता लाज वाटत नाही.

ती तांब्याची घागर माझ्या आईची. ती ब्रँडनला द्यावी.

३. वहिनी व्हिक्टोरियाला: लग्नात मला वेगळं वाढायला आणलेल्या कागदी ताटल्यांचं पाकीट. सात उरल्यात. वापरलेल्या नाहीत, घाबरू नये.

४. शिलाई मशीन ब्रँडनची बायको जोविटा हिला. मी शिवलेला लग्नाचा गाऊन तिनं तीनदा धुऊन घेतला म्हणे. पण घातला.

५. माझ्या गाठीचा तुकडा रुग्णालयात मेणाच्या वडीत जपून ठेवलाय. तो अभ्यासाला द्यावा, संमतीपत्र सोबत आहे. पुढच्या बाईच्या पस्तीस खेपा फुकट जाऊ नयेत.

६. कोपरीची खोली लिओनेलला. अट नाही, एक विनंती आहे. शवपेटी बंद करण्याआधी त्यानं माझ्या कपाळावर हात ठेवावा. हातमोजा नको. लहानपणी मला ताप आला की तोच ठेवायचा. नाही जमलं, तरी खोली त्याचीच.

साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, असं वकील सांगतात. म्हणून शेजारीण विमलाबाईंना माझा चहाचा कप आजच देऊन टाकला. मी अर्धा प्यायले होते. उरलेला त्यांनी तिथंच बसून संपवला, मग सही केली.

सही: प्रिसिला इनास परेरा
साक्षीदार: १. विमलाबाई महिपत तरे
२. डॉ. रुचिता प्रीतम गावंड
ठिकाण: कोपरी, ठाणे
दिनांक: ९ जानेवारी २०२६