बावड्याच्या हॉलमध्ये सांगितलेली गोष्ट

बाई,

उद्या अकरा वाजता माझी एक पेशंट येणार आहे आणि तिला काय सांगायचं हे मला अजून ठरवता येत नाही. तुम्हांला जाऊन सात वर्षं झाली. या सात वर्षांत तुमची आठवण आली नाही असं नाही, पण आजच्याइतकी कधी आली नव्हती. रविवारची दुपार आहे. राजारामपुरीतलं माझं क्लिनिक बंद आहे आणि मी पेशंट बसतात त्या जागी बसून हे लिहितेय, कारण माझ्या स्वतःच्या खुर्चीवर आज बसवत नाही. सकाळपासून वाक्यं जुळवते आहे. ‘तुमच्याबद्दल मी एका ठिकाणी बोलले, पण नाव घेतलं नव्हतं,’ हे पहिलं. मोठ्यानं म्हणून पाहिलं आणि माझी मलाच लाज वाटली. तुम्ही असतात तर त्यातल्या ‘पण’च्या पुढचं ऐकूनसुद्धा घेतलं नसतंत.

तुमचं स्वयंपाकघर आठवतंय. कॉलेजात मानसशास्त्र शिकवून तुम्ही निवृत्त झाला होतात आणि कसबा बावड्यातल्या घरी, पुढच्या खोलीत लोकांना भेटत होतात. मी शिक्षण संपवून, पुण्यात एक कोर्स करून आलेली, सगळ्या उपचारपद्धतींची नावं तोंडपाठ. दर गुरुवारी दुपारी मी माझं काम दाखवायला तुमच्याकडे यायची. गळीत हंगाम असला की साखर कारखान्याच्या मळीचा वास थेट ओट्यापर्यंत येतो आहे, तुम्ही खाली बसून शेंगा फोडता आहात, आणि माझ्याही पुढ्यात एक ताट सरकवता. तुमची एक रीत होती. पेशंटचं नंतर सांगायचं, आधी आपलं. मी कुठं घाबरले, कुठं घाई केली, कुठं मला माझंच कौतुक वाटलं. ते सांगून झाल्याशिवाय पेशंटचा एक शब्द तुम्ही ऐकत नव्हतात. मला तेव्हा ही पद्धत उलटी वाटायची. आजारी माणूस एकीकडे आणि चौकशी माझी!

एकदा मी लग्न मोडलेल्या एका शिक्षिकेच्या भेटीचं रेकॉर्डिंग घेऊन आले होते, तिची परवानगी घेऊन. मला ती भेट फार छान झाली असं वाटत होतं. तुम्ही अर्धा तास ऐकलंत, मग फोन बंद केलात. “ती पोरगी तीन वेळा व्हय म्हणाली. बाकी सगळं तूच बोललीस. ती काय तुझं व्याख्यान ऐकायला आल्ती व्हय गं?” मी रडायला लागले. तुम्ही उठलात, चहाचं आधण ठेवलंत आणि पाठमोऱ्याच म्हणालात, “रडून झालं की शेंगा फोड. तसंच बसू नको.” त्या दिवशी मी तुमच्यावर इतकी चिडले होते की चहा न पिता निघाले. पुढच्या गुरुवारी आले ती मात्र कमी बोलायला शिकून आले. पुस्तकांनी जे दोन वर्षांत झालं नव्हतं ते त्या एका आठवड्यात झालं.

क्लिनिकची जागासुद्धा तुम्हीच शोधलीत. मला रस्त्याला तोंड करून मोठी पाटी हवी होती. तुम्ही म्हणालात, इथं माणूस मधुमेहाच्या गोळ्या खातो ते चारचौघांत सांगतो, पण आपल्याकडं येतो ते लपून. जिना चढताना कुणीतरी बघणार, आणि बघणारा कुणाचा तरी पावणा निघणार. म्हणून तळमजल्यावर दातांचा दवाखाना असलेली ही इमारत. पाटी जिन्याच्या आतल्या वळणावर. कुणी विचारलंच तर दाताला आलो होतो म्हणायची सोय. उद्घाटनाला तुम्ही दोन वेताच्या खुर्च्या दिल्यात, अगदी एका उंचीच्या, आणि सुताराकडून त्यांचे पाय मोजून घेतल्याचं मला दोनदा सांगितलंत. पहिल्या वर्षी पेशंट चार. मी हवालदिल. तुमचं म्हणणं एकच, “हाय त्या चौघांचं काम नीट कर. पाचवा त्यांच्यातलाच कुणीतरी धाडतोय.” आणि तसंच होत गेलं, सावकाश.

तुम्ही गेल्यावर गुरुवार मोकळा झाला. पहिल्यांदा तो दिवस खायला उठायचा. मग मी त्या वेळेत दोन पेशंट घेतले. मग ऑनलाइन कोर्स केले, बरेच केले. भिंतीवर प्रमाणपत्रं लागली, आणि खरं सांगायचं तर त्यांतली निम्मी मी चपात्या लाटता लाटता ऐकून मिळवली आहेत. मग छोटे व्हिडिओ सुरू केले, ते लोकांना आवडले. बँका, शाळा, महिला मंडळं बोलवायला लागली. वेताच्या खुर्च्या जाऊन सोफा आला आणि मला फिरती खुर्ची. आज माझ्याकडे दीड महिन्याची वाट बघावी लागते. नाव झालं, बाई. पण सात वर्षांत माझी एकही भेट मी कुणाला दाखवलेली नाही. शहरात आम्ही या कामातले पाच-सहा जण, सगळे एकमेकांना ओळखतो, लग्नात भेटलो की हसतो, आणि एकमेकांपुढे आपलं चुकलेलं उघडं करायची कुणाचीच तयारी नाही. माझी तर नाहीच नाही.

आता तिचं सांगते. बिद्रीकडच्या एका गावातली, तिशीतली, घरात चार म्हशी. सकाळ-संध्याकाळ दूध संकलन केंद्रावर घालायचं काम तिचं. तिच्या मनात भीती बसली होती की किटलीत साबण राहिला असेल, ते दूध कुणाच्या तरी लेकराच्या पोटात जाईल आणि लेकरू मरेल. म्हणून किटली घासायची, विसळायची, वास घ्यायचा, परत घासायची. आठ-नऊ वेळा. तोवर केंद्र बंद व्हायचं आणि दूध माघारी यायचं. घरात भांडणं. गावात हसू. नवऱ्याला विश्वासात घेऊन ती माझ्याकडे यायला लागली. सासूला आणि जावेला मात्र दाढ दुखते म्हणून सांगितलेलं. पहिल्या दिवशी दारातच म्हणाली, “मी येड्यागत करतो, मला कळतंय. पण हात थांबत न्हाय.” किटली एकदाच घासायची आणि भीती तशीच बरोबर घेऊन केंद्रावर जायचं, हे आम्ही आठ महिने हळूहळू करत होतो. नऊवरून ती दोनवर आली होती. काम चांगलं चाललं होतं, हे तुम्हीही मान्य केलं असतंत.

आणि मग बावड्यातलं ते व्याख्यान. तुमच्या घरापासून दोन गल्ल्यांवरचा हॉल, बायका खच्चून भरलेल्या. अर्धा तास झाला तरी हॉल माझ्या हातात येत नव्हता. मागे कुजबुज, पुढे मोबाईल. तेव्हा मी किटलीची गोष्ट काढली. नाव बदललं, गाव कुरुंदवाडकडचं केलं, म्हशी चारच्या दोन केल्या. पण किटली किटलीच ठेवली, वास घेणंही ठेवलं, दूध माघारी येणंही ठेवलं. कारण ज्यांच्या घरी सकाळ दुधानं सुरू होते अशा बायकांना तेच भिडणार होतं. हॉल चिडीचूप झाला. दोघी-तिघी पदरानं डोळे पुसत होत्या. मुंबई-पुण्यात नाव-गाव बदललं की माणूस झाकला जात असेल. आपल्याकडे नाव कुणी धरतच नाही. कुणाची कोण, दूध कुठल्या केंद्राला, एवढ्यावर माणूस सापडतो. हे मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. मी इथलीच आहे.

चहाच्या वेळी एक ठसठशीत बाई जवळ आली. “मॅडम, ती कुरुंदवाडची न्हवं. आमच्या भावकीतली हाय ती. चार म्हशीवाली. व्हय का न्हाय?” मी म्हणाले, “अहो, अशा खूप जणी असतात.” पण म्हणताना हसले. ओशाळं हसू होतं ते, आणि तिला हवं ते उत्तर त्यात मिळालं. हे तर काहीच नाही. खरी गोष्ट अशी की व्याख्यानाच्या आधी आयोजक बाईंनी याच बाईची ओळख करून दिली होती, “ह्या बिद्रीकडनं आल्यात मुद्दाम तुमचं ऐकायला.” म्हणजे मला माहीत होतं, बाई. गाव बदललं ते सावधपणानं नव्हे. ती बाई दुसऱ्या रांगेत दिसत होती म्हणून ऐनवेळी कुरुंदवाड सुचलं, आणि सुचल्यावरही मी थांबले नाही.

त्यानंतरच्या तीन भेटींना ती आली नाही. चौथ्या आठवड्यात नवऱ्याचा फोन आला. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. गोठ्यात जावेनं तिला सगळ्यांदेखत विचारलं होतं, “काय गं, तुझी दाढ बरी झाली का न्हाय? बावड्यातल्या बायका चौकशी करत्यात.” त्या दिवसापासून किटली पुन्हा पाच-सहा वेळा. तो म्हणाला, “मॅडम, तुम्ही सांगितलं न्हाय, एवढं तिला म्हणा की. तिचा इस्वास हाय तुमच्यावर. दुसऱ्या कुणीतरी बघितलं आसंल जिन्यात, आसं म्हणा.” बघा, खोटं बोलायची सोयसुद्धा त्यानं आयती आणून दिली. आणि मी नाही म्हटलं नाही. बघते म्हटलं. काल तिचा मेसेज आला, सोमवारी अकराला येऊ का म्हणून.

खोटं बोलले तर ती कदाचित येत राहील आणि बरीही होईल. खरं बोलले तर उठून जाईल, पुन्हा कुणाकडेच जाणार नाही, आणि ती किटली तिला आयुष्यभर पुरेल. दोन्हीची भीती वाटते. त्यातही एक भीती अशी की ती चार ठिकाणी सांगेल आणि दीड महिन्याची वाट बघणारे लोक एका आठवड्यात पांगतील. ही भीती पहिल्या दोनांपेक्षा लहान आहे असं मला लिहायचं होतं, पण सकाळपासून तीच जास्त वेळ डोक्यात आहे. काल सांगलीतल्या तुमच्या जुन्या विद्यार्थिनीला फोन लावला. माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या, कामात मुरलेल्या. माझं काम बघाल का, एवढं एकच विचारायचं होतं. आणि बाई, मी त्यांना आमच्याकडे व्याख्यानाला यायचं आमंत्रण देऊन फोन ठेवला!

इथवर काल लिहिलं होतं. आता सोमवारची दुपार आहे.

ती अकराच्या आधीच येऊन जिन्यात उभी होती. आत आल्यावर मी जुळवलेलं एकही वाक्य आठवेना. म्हटलं, “तुमची गोष्ट मी सांगितली. बावड्यात, हॉलमध्ये. तुमच्याकडची बाई समोर बसली आहे हे मला माहीत होतं, तरी सांगितली. माझं चुकलं.” एरवी मी पेशंटला आधी बोलू देते, आज नाही जमलं. मी म्हणाले, तुम्हांला दुसऱ्या कुणाकडे जायचं असेल तर मी स्वतः बोलून ठेवते. तिनं ते ऐकलंच नाही.

“लोकं रडली व्हय माझं ऐकून?” तिनं विचारलं.

“रडल्या काही जणी.”

“मग तवा तुमास्नी बरं वाटलं आसंल.”

“हो. वाटलं.”

तिनं मान हलवली, पर्स उचलली. दारात थांबून म्हणाली, “तुमी न्हाय म्हणाला असता तर मी उठून कायमची गेलो असतो. आता बघतो. पुढच्या सोमवारी आलो तर आलो, वाट बघू नका.” आणि जिना उतरून गेली. येईल की नाही मला माहीत नाही. नवऱ्यालाही मी फोन करून विचारणार नाही.

ती गेल्यावर सांगलीला पुन्हा फोन केला. या वेळी व्याख्यानाचं काढलं नाही. सगळं सांगितलं, पहिल्यापासून. हॉल, ती बाई, ओशाळं हसू, कुरुंदवाड का सुचलं ते, आजची भेट. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाल्या, शनिवारी ये, आणि तुझ्या तीन भेटींची टिपणं आण, चांगल्या झालेल्या नकोत. मी हो म्हटलं. जाणार आहे. हा कागद मात्र जाताना नेणार नाही, आजच फाडून टाकणार आहे. यातही तिची किटली आहेच.

सांगलीच्या बाईंना एक गोष्ट सांगायची राहिली. राहिली नाही, मी गाळली. ती दारात उभी राहून ‘आलो तर आलो’ म्हणत होती ना, तिचे डोळे भरलेले होते, माझेही, आणि नेमक्या त्याच क्षणी माझ्या मनात येऊन गेलं की हे फार सुंदर आहे, हे कुठंतरी सांगता येईल.