भुवईवरची खाच

२ फेब्रुवारी

मावशीचा फोन. आत्या म्हणे परदेशात आहे, मावशीच्या नणंदेला स्वप्नात दिसली! मी विचारलं, पत्ता दिसला का? फोन आपटला.

आत्या म्हणजे बाबांची पाठची बहीण. माझ्या जन्माआधी घर सोडून गेली. रुसून — असं बाबा म्हणतात. महिनाअखेरीस बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन आहे. त्याआधी त्यांना ती एकदा भेटायला हवी आहे. "तू नकाशेवाली. तूच काढशील शोधून." घरात बाकी कोणी उपयोगाचं उरलं नाही की मला असा मान मिळतो.

५ फेब्रुवारी

आत्तापर्यंतच्या शोधाचा हिशेब : दोन जाहिराती, एक ज्योतिषी, आणि बाबांची वर्षानुवर्षांची पायपीट. लग्नानंतरचं नाव कोणाला माहीत नाही. लग्न झालं का, तेही नाही. ज्या वसतिगृहात ती पहिल्यांदा राहिली ते पाडून तिथे बुटांचं दुकान झालंय. सगळे रस्ते भिंतीपाशी संपतात आणि मग सगळे भिंतीला दोष देतात.

हातात आहे तो एक फोटो. ती गेल्यावर दोनेक वर्षांनी पोस्टानं आला, सोबत ओळसुद्धा नाही. गच्चीच्या कठड्याला टेकून उभी आहे. मागे नदीचं वळण. डावीकडे पाण्याची टाकी, उजवीकडे कमानींचा पूल. पाकीट काकांनी हरवलं. मूळ फोटो डागाळला, म्हणून ही प्रतही त्यांनीच काढली.

काका बाबांचे धाकटे भाऊ. जन्मभर फोटो स्टुडिओ चालवला, आता वंशवृक्ष चालवतात. त्या वृक्षात वर कुठेतरी एक सेनापती आहे. आत्या नाही. विचारलं तर म्हणाले, "वाळली फांदी छाटायची असते, बाळ." उंटावरचा शहाणा.

९ फेब्रुवारी

माणसाचं नाव बदलतं, नदीचं वळण इतक्यात बदलत नाही. फोटोवरून वळण, पूल आणि टाकी यांचा आराखडा काढला. आता ऑफिसातल्या उपग्रह चित्रांवर एकेक नदी तपासत बसले आहे. इतकी साधी गोष्ट आजवर कोणाला सुचली नाही! ज्योतिषी मात्र सुचला.

१३ फेब्रुवारी

नाही.

१४ फेब्रुवारी

नाही. शेजारच्या टेबलावरचा म्हणतो, "मॅडम, नदी वाहून गेली का?" विनोद त्यानं स्वतःच ऐकला, स्वतःच हसला.

१६ फेब्रुवारी

जेवताना बाबा फोटो पुढे घेऊन बसले. डोळे भरले होते. "वेंधळी होती. एकदा दारावर आपटली, डावी भुवई फुटली. खाच राहिली ती राहिलीच."

आई ताटावरून उठून आत गेली. अर्धी पोळी ताटात तशीच.

नंतर फोटो भिंगाखाली धरला. खाच आहे. उजव्या भुवईत. घड्याळही उजव्या मनगटावर.

१७ फेब्रुवारी

प्रत उलटी आहे! डावं ते उजवं, उजवं ते डावं. आराखडा उलटा केला आणि चहा निवायच्या आत नदी सापडली. पूल आहे, टाकी आहे. गच्चीचं घरसुद्धा आहे.

म्हणजे जन्मभर स्टुडिओ चालवणाऱ्या माणसानं निगेटिव्ह उलटी घातली, आणि अख्खं खानदान त्या फोटोपुढे बसून रडत राहिलं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

१८ फेब्रुवारी

काकांना फोन करून त्यांचा पराक्रम सांगितला. त्यांनी विचारलं, "दादाला बोललीस?"

ती आहे का, कशी आहे, कुठे आहे — यातलं काहीच नाही. फक्त एवढंच.

मी नाही म्हटलं. काका म्हणाले, "बोलू नकोस. आधी एकटी जाऊन ये."

नवशिकासुद्धा निगेटिव्हची बाजू बघून घेतो. हे मला काल सुचायला हवं होतं.

२२ फेब्रुवारी

गेले. दार तिनंच उघडलं. केस पिकलेत. खाच डावीकडे.

"कोणाची ग तू?" मी सांगितलं. तिनं माझ्या मागे जिन्यावर नजर टाकली. "एकटीच ना?"

मग आत घेतलं. मी 'तुम्ही' म्हणत होते. "आत्याला तू म्हणतात. एवढंही शिकवलं नाही घरी?"

फोटो तिनं काकांना पाठवला होता, जिवंत आहे एवढं कळावं म्हणून. नेमका बाबांच्या हाती पडला, हे काकांनी नंतर तिला कळवलं. ते पूल आणि टाकी शोधत निघणार, तेवढ्यात काकांनी 'डागाळलाय, नीट करून देतो' म्हणून तो काढून घेतला. "आणि माझ्या भावानं मला उलटं करून टाकलं. त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात चोख काम!" खळखळून हसली. मग वंशवृक्षात सेनापती अजून आहे का, ते विचारलं.

मी भुवईचं विचारलं.

"दारावर आपटले म्हणाला? बरोबर आहे. मी बाहेर निघाले होते, दादानं दार लावलं. माझं डोकं मध्ये होतं. पहिल्यांदा चुकून लागलं असेल. दुसऱ्यांदा त्यानं बघून लावलं."

ऑपरेशनचं सांगितलं.

"बरा होऊ दे. त्याचं वाईट व्हावं असं मला वाटत नाही. त्याचं काहीच मला नको आहे." कप उचलता उचलता म्हणाली, "शोधलंस, हुशार आहेस. आता तेवढ्याच हुशारीनं हरवून टाक."

२३ फेब्रुवारी

आईला विचारलं, तुला माहीत होतं? आई म्हणाली, "मी या घरात आले तेव्हा त्या दाराला नवा रंग होता."

२७ फेब्रुवारी

बाबांना दवाखान्यात दाखल केलं. उद्या सकाळी ऑपरेशन. "लागला का पत्ता?" म्हटलं, नाही, माझ्याच्यानं झालं नाही. "एवढं शिकून!" म्हणाले आणि कूस बदलली.

घरी येऊन फोटो फ्रेममध्ये बसवला. होता तसाच — उलटा.