काकूचं रक्त काकूच देणार

आई,

तू दूध घेऊन यायच्या आधीच मी काकूला घेऊन तपासणीला निघालेय. ओरडू नकोस, आधी वाच.

आरोग्यविम्याच्या तपासणीत तुझ्या आणि काकूच्या, दोघींच्या नावाने रक्त तूच द्यायचं ठरवलंयस, हे मी काल ऐकलं. शिवणाच्या दुकानात तुम्ही दोघी जावा एकमेकींच्या नावाने फोन घेता, मापं घेता, गिऱ्हाइकांची बोलणीही खाता. कुणाला पत्ता लागत नाही. पण साखर काकूला आहे गं! तिच्या पायाची जखम महिना झाला तरी भरत नाहीये. उद्या तिला दवाखान्यात ठेवावं लागलं आणि खोटेपणा उघड झाला, तर तुम्हा दोघी मालकिणींचा विमा जाईल.

म्हणून एजंटबाईंना मीच फोन करून खरं सांगितलं. भाषणाच्या स्पर्धेतला आवाज काढला, पण आतून जाम घाबरले होते. त्या म्हणाल्या, "हप्ता वाढेल, पण विमा मिळू शकेल. लपवलंत तर काहीच हाती लागणार नाही."

काकू म्हणाली, "तुझी आई मला फाडून खाईल." मी म्हटलं, "आधी मला खाईल, तोवर तू पळ." तेव्हा कुठे हसली आणि उठली. सुजलेला पाय तिच्या चपलेत शिरेना, म्हणून तुझी घातलीय.

तू चहासुद्धा पिऊ नकोस. उपाशीपोटी सरळ कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये ये. तुझंही रक्त द्यायचंय, पण फक्त तुझ्याच नावावर.

तुझी आगाऊ कार्टी