तीन दिवसांत दुरुस्त झालेला पूल

प्रिय भिंगरी,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू आधी घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते, घरी सगळं ठीक आहे. तुझ्या बाबांचा गुडघा कुरकुरतो, पण कुरकुरतो म्हणजे चालू आहे, असं त्यांचंच म्हणणं. फोन केला असता, पण फोनवर आपण दोघी तिसऱ्या वाक्याला भांडतो, आणि मला जे सांगायचंय ते तिसऱ्या वाक्याच्या बरंच पुढे आहे. दुकानात काउंटरवर बसूनच लिहितेय. समोर एका गिऱ्हाइकाचं व्हिडिओ गेमचं नवंकोरं यंत्र उघडून ठेवलंय, त्याच्या पंख्यात मांजराचे केस गुंतलेत. चिमट्याने एकेक काढावे लागतील. ते मांजर आणि मी, दोघांनाही आज घाई नाही.

माझ्या जुन्या खेळांचा मला केवढा ताठा आहे, ते तुला तोंडपाठ आहे. अठ्ठावीस वर्षं मी ही यंत्रं उघडतेय. कॅसेट खोचली, बटण दाबलं, की चार सेकंदांत खेळ सुरू. नाहीच झाला तर कॅसेट काढून फुंकर मारायची. फुंकरीने काही होत नसतं, उलट आतले पितळी दात ओलसर होऊन गंजतात, हे मला धंद्यात पडल्यावर कळलं, पण गिऱ्हाइकांच्या श्रद्धेला मी कधी हात लावला नाही. आणि आता? नवं यंत्र हौसेने घरी घेऊन गेलेला माणूस तासाभरात तोंड पाडून परत येतो आणि म्हणतो, ताई, नुसती रेघ पुढे सरकतेय, खेळ काही येत नाही. बिघाड नाही बाबा, मी त्याला समजावते, खेळ अजून पुरता बनलेला नाही, उरलेला इंटरनेटवरून येतोय. असं शंभरदा सांगून झाल्यावर माणसाच्या जिभेला धार येते. ती धार मी तुझ्यावर चालवली.

दोन वर्षांपूर्वीचं ते जेवण आठवतं ना? तू तुमच्या कंपनीच्या नव्या खेळाबद्दल सांगत होतीस, तुझ्या हाताखाली सात माणसं चुका शोधायला बसतात म्हणून. मी म्हटलं, "तुम्ही लोक अर्धंकच्चं वाढता आणि उरलेलं गिऱ्हाइकाच्या पोटात शिजवता." बाबा हसले, मीही हसले. तू हसली नाहीस. तू शांतपणे म्हणालीस, आई, जुन्यातले वाईट खेळ तू कधीच विसरलीस, तुझ्या कपाटात उरलेत ते निवडक पाच. मग ताट उचललंस. त्यानंतर तू घरी आलीस, फोन केलेस, हवापाणी, तब्येत, भाजी, सगळं बोललीस, पण कामाबद्दल एक अक्षर काढलं नाहीस. माझ्या ते लक्षात आलं नाही असं समजू नकोस. बिघडलेल्या वस्तूचा आवाज ऐकण्यातच माझा जन्म गेलाय. मला वाटायचं, तू आधी विचारशील. तुला वाटत असणार, आई आधी विचारेल. दोघी एकाच मातीच्या.

आणि तुझं म्हणणं खोटं नव्हतं. मला तो किल्ल्याचा खेळ आठवला. तू आठ वर्षांची होतीस. नवव्या मजल्यावर एक लोखंडी दार होतं, ते उघडायला किल्ली हवी, आणि ती किल्ली मला काही केल्या सापडत नव्हती. अख्खी सुट्टी गेली. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला विचारून झालं. कुणाला धड सांगता येईना, पण न येणं कबूल करायलाही कुणी तयार नाही. मला वाटलं, आपलाच हात कमी पडतो. तू चौकटीच्या वहीत त्या मजल्याची एकेक खोली काढलीस, प्रत्येक खोलीत जाऊन आल्यावर फुली मारलीस, आणि अकराव्या दिवशी वही माझ्यासमोर ठेवून म्हणालीस, "आई, तू चुकत नाहीयेस. किल्ली ठेवायला तेच विसरलेत." मी कंपनीला पत्र टाकलं होतं. त्याला कोण उत्तर देणार? तो खेळही त्या निवडक पाचांतलाच, अजून कपाटात आहे, दार अजून बंद आहे. पण गिऱ्हाइकांपुढे जुन्याची आरती ओवाळताना मी या दाराबद्दल कधी बोलले नाही. फक्त फुंकरीचं आणि चार सेकंदांचं सांगत राहिले.

आता तुमच्या दीपगृहाच्या खेळाबद्दल. तो बाजारात आला त्याच सकाळी मी घेतला. तुला सांगितलं नाही. खरं सांगू? चुका काढायलाच घेतला. दुकानाच्या यंत्राची इंटरनेटची वायर उपटली, म्हणजे तबकडीत जे आहे तेच दिसेल, वरून आलेली मलमपट्टी नको. घड्याळ लावून बसले. सतरा सेकंदांत खेळ सुरू झाला. मी ते वहीत नोंदवलं आणि जरा हिरमुसले. मग दीपगृहवाली बाई दिवा घेऊन निघाली, पहिलं बेट, दुसरं बेट. समुद्राचं पाणी इतकं खरं होतं की काउंटरवरचा चहा मी उगीच बाजूला सरकवला. दुपारी त्या लाकडी पुलावर पोचले. दिवा विझवून उलटी फिरले, आणि बाई फळ्यांमधून खाली जाऊन अधांतरी लटकली. ना वर, ना खाली. बंद करून पुन्हा लावला तरी तिथेच. तुझ्यापासून काय लपवायचं, मला आनंद झाला. बघा, म्हटलं, सापडलं. बाबांना हाक मारून दाखवलं. ते बघत राहिले आणि एवढंच म्हणाले, "हे तिच्या वाट्याला येईल गं." माझा आनंद तिथेच विरला.

संध्याकाळपर्यंत तो पूल जगभर गाजला होता. लोकांनी काय काय लिहिलं ते बाबांनी मला वाचून दाखवलं नाही, मीच वाचलं. एवढ्या शिव्या मला ठाऊकच नव्हत्या. आणि त्या सगळ्याच्या वर तुझं लिहिलेलं होतं, तुझ्या नावानिशी. तुझ्या साहेबांनी नाही, कंपनीच्या कुणा गोडबोल्याने नाही, तू लिहिलं होतंस, की चाचणीचं काम माझ्याकडे आहे, दिवा विझवून पुलावर उलटं फिरून बघायचं माझ्याकडून राहिलं, रविवारपर्यंत आम्ही नीट करतो, अडकलेला कुणाचाही खेळ वाया जाणार नाही. मी ते तीनदा वाचलं. रविवारी सकाळी वायर पुन्हा खोचली. ती रेघ सरकायला लागली, माझी नावडती रेघ, आणि मी तिच्याकडे बघत बसले. नऊ मिनिटं. बाई फळ्यांवर उभी होती, हातात दिवा.

त्या नऊ मिनिटांत मला माझीच लाज वाटली. मी जन्मभर दुरुस्तीवर पोट भरलं. तुटलेलं परत चालू करणारी बाई म्हणून या रस्त्यावर मला मान आहे. आणि माझ्या मुलीच्या दुरुस्तीला मी नावं ठेवली! किल्ल्याचं दार इतकी वर्षं बंद आहे, कारण कॅसेट एकदा बनली की बनवणाऱ्याचे हात झटकलेले. तुझा पूल तीन दिवसांत उभा राहिला. अर्धंकच्चं वाढणारे आहेतच, त्यांना मी यापुढेही सोडणार नाही. पण चुकलं तर परत येऊन नीट करणारा कारागीर आणि आळशी आचारी यांतला फरक मला कळायला हवा होता.

खरी गोष्ट तर पुढेच आहे. आपल्या शेजारचे घड्याळकाका तुला आठवतात, दुपारी घड्याळांचं काम आटोपलं की येऊन आपल्या दुकानात सगळ्यांना हरवून जायचे. तीन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला, उजवा हात गेला. दुकान मुलाने चालवायला घेतलं. काका रोज येऊन माझ्या स्टुलावर बसतात, पण रिमोटला त्यांनी परत हात लावला नाही. कुणी पुढे केला तर म्हणायचे, आमची बॅटरी संपली. परवा मी तुमच्या खेळात आवाज कमी करायची जागा शोधत होते, आणि तिथे मला दिसलं, "एका हाताने खेळा". डावा की उजवा, तेही विचारलं होतं. मी डावा निवडून रिमोट काकांच्या मांडीवर ठेवला. ते रागावले. मग त्यांचा अंगठा हलला आणि बाई चालायला लागली. पहिल्या बेटावर तासभर लागला, एकदा समुद्रात पडले, त्यावर समुद्रालाच बोलले. दीपगृहाचा दिवा लागला तेव्हा त्यांचा चेहरा मी पाहिला, भिंगरी. इतकी वर्षं मी दुरुस्त करतेय, पण यंत्र सुरू झाल्यावर कुणाचा चेहरा असा झालेला मी पाहिला नव्हता. माझ्या कपाटातले पाचही खेळ दोन हात मागतात. एकाने तरी विचारावं की माणसाला हात किती आहेत! ते त्या जुन्या कॅसेटमध्ये मावलं नसतं असं मी स्वतःला समजावलं, आणि लगेच कळलं, की मावायचं नंतर, आधी कुणाच्या मनात यावं लागतं.

घरी येऊन बाबांना सांगितलं, तर ते म्हणाले, ते तिचंच. एका हाताचा प्रकार ठेवायचा म्हणून तू वर्षभर हट्ट धरलास, बैठकीत एकटी पडलीस, तो तपासायला वेळ द्या म्हणून खेळ चार महिने पुढे ढकलायला लावलास. बाबांना सगळं ठाऊक होतं. मला ठाऊक नव्हतं, आणि त्याचा दोष बाबांचा नाही.

मी लगेच तुमची भक्त झाले असं समजू नकोस. पडद्यावर बाण फार आहेत, माणसाला थोडं चुकू द्या. अक्षरं मुंगीएवढी आहेत, चष्म्यावर चष्मा लावावा लागतो. आणि जुन्या खेळाची धून आठ सुरांची असून कपडे वाळत घालताना ओठांवर येते, तुमच्याकडे एवढा वाद्यवृंद आहे पण मला एकही ओळ गुणगुणता येत नाही. हे तुझ्या माणसांना सांग, एका दुकानदार बाईची तक्रार म्हणून.

काल खेळ संपला. शेवटी नावं येतात, ती मी कधी बघत नाही. काल मी, बाबा आणि काका बसून राहिलो. तेरा मिनिटं नावं वर जात होती. जुन्या खेळांत बनवणाऱ्यांची नावं कुणी धड छापत नसे, त्यामुळे किल्ली कोण विसरलं ते मला कधीच कळणार नाही. तुझं नाव आलं, त्याच्याखाली "गुणवत्ता चाचणी प्रमुख", आणि मी स्टुलावरून उठून उभी राहिले. का, ते विचारू नकोस. काकांनी डाव्या हाताने काउंटरवर थाप मारली. बाबा नाक पुसायला बाहेर गेले.

आता पत्र का लिहिलं ते. बाबांनी काल न राहवून सांगितलं, की तू राजीनामा लिहून ठेवला आहेस आणि सोमवारी देणार आहेस. पुलाच्या त्या प्रकारानंतर तू जेवत नाहीस, मला हे काम येत नाही असं म्हणतेस. तुला अडवायला लिहीत नाहीये. दमली असशील तर सोड, दुसरं काही करायचं असेल तर कर, घर तुझंच आहे. पण त्या कागदात "मला हे काम येत नाही" असं कुठे लिहिलं असशील, तर ती ओळ खोडून टाक. ती खोटी आहे. मी पन्नासएक कंपन्यांची कामं आतून उघडून पाहिली आहेत, चांगलं काम कशाला म्हणतात ते मला कळतं. तुझं काम चांगलं आहे, माझ्यापेक्षा चांगलं. हे मी तुला आजवर एकदाही सांगितलं नव्हतं. आणि तुझी आई म्हणून सांगत नाहीये, या धंद्यातली बाई म्हणून सांगतेय.

तुझीच,
आई