हरवला की सोडून गेला

मी, उमादेवी मल्लिकार्जुन निटुरे, वय एकाहत्तर, निवृत्त भूगोल शिक्षिका, राहणार निलंगा, जिल्हा लातूर, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे, कुणाचा दाब नाही. गोंधळ मात्र बराच आहे. वकीलसाहेब म्हणाले, "बाई, गोंधळ मृत्युपत्रात लिहीत नसतात." मग कुठे लिहायचा, ते त्यांनी सांगितले नाही.

पहिली अडचण वकिलांच्या नमुन्यातल्या 'वैवाहिक दर्जा' या रकान्याची. तिथे सौभाग्यवती लिहू की विधवा? लातूर नवा जिल्हा झाला त्या वर्षी, १९८२ साली, माझे यजमान नव्या कचेरीत रुजू व्हायला पहिल्या एस.टी.ने गेले. हातात जेवणाचा डबा होता. ते कचेरीत पोहोचले नाहीत आणि घरीही आले नाहीत. मी म्हणत आले, हरवले. माझे दीर बसलिंगप्पा चारचौघांत म्हणत आले, सोडून गेला. त्या एका शब्दावरून आमचे बोलणे तुटले. सबब रकाना रिकामा ठेवला आहे, तो कुणी भरू नये.

राहते घर माझ्या कमाईचे आहे. ते नांदेडला असणारी माझी मुलगी रुद्राणी हिला द्यावे. पाट्यावर वाटलेली चटणी तिला आवडत नाही, तरी पाटा-वरवंटा तिनेच न्यावा.

कॉम्प्युटरही तिचाच. पण त्यावरच्या कामाबद्दल खुलासा करणे भाग आहे. दोनशे वर्षांपूर्वी लढाईवर निघालेल्या इंग्रजी शिडाच्या जहाजांवर अधिकारी रोजनिशी लिहीत: वारा, पाऊस, तोफा, पिण्याचे पाणी किती उरले. त्या पानांचे फोटो इंटरनेटवरून येतात. ते वाचून मी टंकून पाठवते. जुने हवामान शोधणाऱ्यांना ते लागते. जन्मभर समुद्र शिकवला, पाहिला कधीच नाही. म्हणून हे काम धरले. एक पान तिघे जण वेगवेगळे वाचतात आणि दोघांचे जुळेल ते खरे धरतात.

एका पानावर शत्रूच्या जहाजाशी झुंज झाल्यावर लिहिले आहे: एक खलाशी, आणि पुढे एक शब्द. मी वाचला 'लॉस्ट', म्हणजे हरवला. उरलेल्या दोघांनी वाचला 'लेफ्ट', म्हणजे सोडून गेला. त्या काळी 'एस' लांब ओढून 'एफ'सारखा काढीत. मग फरक उरला तो 'ओ' की 'ई' या एका अक्षराचा, आणि नेमका तिथेच खाऱ्या पाण्याचा डाग. 'लेफ्ट' मंजूर झाले. मी तक्रार केली. नम्र उत्तर आले की आपले वाचन टिपेत ठेवू. आता भिंगातून पाहते तेव्हा मलाही कधी हे दिसते, कधी ते.

यंदा दुष्काळाने नळ कोरडे. माझ्या गुडघ्यांना टँकरची रांग झेपत नाही. तेव्हा एके दिवशी बसलिंगप्पा न बोलावता दोन घागरी घेऊन आले. त्यानंतर येतच राहिले. एकदा घागर उतरवून त्यांनी विचारले, "वैनी, काय वाचायलात?"

मी खलाशाचे सांगितले. त्यांना इंग्रजी येत नाही, तरी भिंग घेऊन बराच वेळ पाहिले.

"मग ह्याच्या घरी काय कळवलं असंल?"

"ते इथं लिहिलेलं नाही."

ते उंबऱ्यावर बसले. "वैनी, तुम्ही हरवला म्हटलं की मला मेलाच वाटायचा. सोडून गेला म्हटलं, की कुठं तरी जित्ता हाय, दोन घास खायलाय, असं वाटायचं. म्हणून म्हणत होतो."

मी तो शब्द इतकी वर्षे माझ्या तोंडावर मारलेला समजत होते. चहा टाकला, तर साखरेऐवजी मीठ पडले. त्यांनी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. याआधी मी लिहिलेले कलम, 'दिराने माझ्या मातीला येऊ नये', या लेखाने रद्द समजावे.

आता शेत. ते यजमानांच्या नावे आहे आणि दीर कसतात. यजमानांना मयत ठरवल्याशिवाय रुद्राणीच्या नावे होणार नाही, असे वकील म्हणतात. त्या अर्जावर मी सही केली नाही, करणार नाही. माझी इच्छा एवढीच: मालक आले तर शेत मालकांचे. न आले तर माझ्यामागे रुद्राणीने ठरवावे, अर्ज करायचा की वाट पाहायची. मला ठरवता आलेले नाही. ते न आल्यास शेत शेवटी तिलाच मिळावे. मला आमच्या लिंगायत रीतीने इष्टलिंगासह त्याच शेतात बसवून माती द्यावी, शेजारी एका माणसाची जागा सोडून.

हे कलम मी दिरांना वाचून दाखवले. वकील त्यांना म्हणाले, "विचार करा. साक्षीदार म्हणून सही केलीत, तर पुढं शेतावर भांडायला तोंड राहणार नाही."

बसलिंगप्पा म्हणाले, "कुठं करायची ते बोट लावून दाखवा."

लिहून देणार: उमादेवी मल्लिकार्जुन निटुरे (सही)

साक्षीदार:
१) बसलिंगप्पा शिवलिंगप्पा निटुरे, लेखिकेचे दीर, मल्लिकार्जुन यांचे धाकटे भाऊ (सही)
२) नागम्मा गुंडप्पा हलकुडे, शेजारीण (डाव्या हाताचा अंगठा)

मुक्काम निलंगा, दिनांक ९ मे २०१६